सॉल्ट क्रीकच्या बायका

गुणवंतराव सोनटक्क्यांनी अमेरिका कधी पाहिली नाही. पासपोर्टसुद्धा काढला नाही. पण दिल्लीत लक्ष्मीनगरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली मोमोवाला आणि वर अकाउंटिंगचा क्लास अशा बेचक्यात, पंचवीस वर्षं ते मुलामुलींना अमेरिकन साहित्याचे कालखंड शिकवत आले. इंग्रजी घेऊन प्राध्यापक व्हायचं तर नेटची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत अमेरिका हमखास येते. ब्रिटिश साहित्य मुलांनी कॉलेजात थोडंफार चाखलेलं असतं. अमेरिकेचं नाव काढलं की चेहरे उतरतात. गुणवंतरावांचा क्लास त्या उतरलेल्या चेहऱ्यांवर चालला.

मूळचे गंगाखेडचे. एम.ए. करून चौऱ्याण्णव साली कलेक्टर व्हायला दिल्लीत आले, चार वेळा परीक्षेला बसले, चारही वेळा पडले. गावी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून इथेच राहिले. हे ते स्वतः कबूल करत नसत, त्यांची बायको विनया करत असे. विनया आयटीओ चौकाजवळच्या सरकारी ऑफिसात नोकरीला. मयूर विहारचा सोसायटीतला फ्लॅट तिच्याच भरवशावर घेतलेला. मुलगा यशोधन गुरुग्रामला कुठल्याशा कंपनीत. महिन्यातून एकदा यायचा आणि जेवता जेवता सांगायचा, की बाबा, हे सगळं आता गूगलवर मिळतं. गुणवंतराव वरणभात कालवत राहायचे.

पण त्यांचा तक्ता गूगलवर मिळत नव्हता. फुलस्केपचे सहा कागद डिंकाने एकाखाली एक चिकटवलेले, त्यावर निळ्या शाईतलं त्यांचं उभं टोकदार अक्षर. सगळ्यात वर मूळच्या लोकांची तोंडी गाणी. मग बोटीतून उतरलेल्या कर्मठ मंडळींची प्रवचनं आणि रोजनिश्या. मग राजाला हाकलून द्या म्हणणारी पत्रकं. मग रोमँटिक, आणि त्यांच्यातलेच ते जंगलात जाऊन आत्मा शोधणारे. यादवी युद्ध. त्यानंतर जसं दिसतं तसं लिहू म्हणणारे रिअॅलिस्ट, त्यांच्यामागून माणूस म्हणजे परिस्थितीच्या जबड्यातलं जनावर असं मानणारे नॅचरॅलिस्ट. पहिल्या महायुद्धानंतरचे मोडके मॉडर्निस्ट, हार्लेमचे काळे कवी, रस्त्यावर भटकणारे बीट, आणि शेवटी कशावरच विश्वास नसलेले पोस्टमॉडर्न. तीनशे-चारशे वर्षं सहा कागदांत. मुलं हा तक्ता पीजीच्या खोलीतल्या भिंतीला चिकटवून दात घासता घासता पाठ करायची.

लक्ष्मीनगरात हाताने लिहिलेल्या नोट्सना छापील पुस्तकापेक्षा मान आहे. छापणारा काय, कुठूनही उचलतो. हाताने लिहिणाऱ्याने खपून शोधून काढलं असणार, अशी मुलांची पक्की समजूत. आणि एखादी गोष्ट गूगलवर सापडलीच नाही, तर तिची किंमत आणखी वाढते. या समजुतीनेच पुढे सगळा घात केला.

तक्ता क्लासमध्ये वाटला की पंधरा दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात टांगलेला असे. जे क्लासची पायरी चढले नाहीत तेही तो घेऊन जात. गुणवंतरावांचा जळफळाट होई. शेवटी २००६ सालच्या मे महिन्यात, भर दुपारी वीज गेलेली, बनियन अंगाला चिकटलेलं, अशा अवस्थेत त्यांनी तक्त्याची नवी प्रत लिहायला घेतली आणि रिअॅलिझम आणि नॅचरॅलिझम यांच्यामधल्या फटीत एक संप्रदाय दडपून दिला: सॉल्ट क्रीक सर्कल, १८७८ ते १८८६.

असा संप्रदाय कधी झाला नाही. गुणवंतरावांनी तो डोक्यातून काढला. चोराच्या कागदावर ही नोंद दिसली की चोर सापडला, एवढाच हिशेब.

आता खोटंच लिहायचं तर माणसाने काहीतरी रुक्ष, ओबडधोबड लिहावं, की ज्याच्यावर कोणाचा जीव बसणार नाही. यांनी त्या पाच ओळींत जीव ओतला. अमेरिकेच्या मधल्या माळरानावर एका खाऱ्या ओढ्याच्या काठाने विखुरलेली शेतं. त्या शेतांवरच्या बायका. एकीने कागदावर चार वाक्यं लिहायची आणि टपालगाडीने पुढच्या शेतावर धाडायची, तिने खाली आपली चार जोडायची. टोळधाड, आटलेलं दूध, न बोलणारा नवरा, पुरलेलं मूल. सही कोणीच करायची नाही. नावं उरली नाहीत, पत्रं उरली.

गंगाखेडला असताना आळीतल्या ज्या बायकांना लिहिता येत नसे त्यांची माहेरची पत्रं शाळकरी गुणवंतच लिहून देई. ते सगळं असं सातासमुद्रापलीकडे जाऊन उतरलं. आज ना उद्या कथा लिहीन म्हणत ज्याचं वय गेलं, त्या माणसाच्या हातून उतरलेली ही एकच कथा, आणि तीही सापळा म्हणून.

सापळा लागला, हेही खरं. तीन वर्षांनी शेजारच्याच एका क्लासवाल्याने गाइड छापलं, त्यात सॉल्ट क्रीक शब्दन्‌शब्द. गुणवंतराव गाइड घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले, त्या ओळींवर बोट ठेवलं आणि हे कुठून घेतलं असं विचारलं. तो म्हणाला, एका अमेरिकन जर्नलमधून. गुणवंतराव हसत सुटले. गाइड बाजारातून उठलं. हा किस्सा त्यांनी पुढे पंधरा वर्षं येईल त्या पाहुण्याला ऐकवला, फक्त क्लासची मुलं समोर असली की टाळला. तो सुरू झाला की विनया चहा टाकायला उठायची.

स्वतःच्या क्लासच्या मुलांसाठी मात्र त्यांचा एक रिवाज होता. शेवटच्या तासाला दार लावून घ्यायचं, खरी हकीगत सांगायची आणि सगळ्यांकडून त्या पाच ओळींवर काट मारून घ्यायची. प्रत्येकाच्या बाकाशी जाऊन काट मारली की नाही ते बघायचं. मुलं खूश व्हायची. आपण आतल्या गोटातले, असं वाटायचं.

विनयाला हे कधी पटलं नाही.

"आणि ज्यांनी दुकानातून घेतलाय त्यांचं काय?" तिने एकदा विचारलं होतं.

"चोरांचं मी काय करू?"

"चोर दुकानदार. ती पोरं कुठे चोर आहेत? गरीब आहेत, म्हणून झेरॉक्स घेतात."

गुणवंतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नवऱ्यांना हे छान जमतं.

अक्षता खिल्लारे त्यांच्या क्लासमध्ये आली त्याला आता पाच वर्षं झाली. जिंतूरची, वडील एसटीत कंडक्टर. दिल्लीला येईपर्यंत तिने मेट्रो फक्त सिनेमात पाहिलेली. हिंदी बोलताना मराठी शब्द घालायची आणि कोणी हसलं तर त्याच्या तोंडावर, "समजलं ना? मग झालं," म्हणायची. विनयाला ती पहिल्या दिवसापासून आवडली. रविवारी जेवायला यायची, ताट स्वतः घासायची, आणि गुणवंतरावांशी वाद घालायची, की सर, तुमच्या तक्त्यात सगळे पुरुषच पुरुष. बायका काय नुसत्या भाकरी थापत होत्या का तिकडे? मग स्वतःच म्हणायची, एक ते सॉल्ट क्रीक सोडून. माझी आजी तिथली वाटते मला. गुणवंतराव गालातल्या गालात हसायचे. शेवटच्या तासाला हिचा चेहरा बघण्यासारखा होईल, असं मनात म्हणायचे.

शेवटच्या तासाला ती नव्हती. आठ दिवस आधी तिच्या वडिलांना ड्यूटीवर असतानाच हृदयविकाराचा झटका आला. दुपारच्या गाडीने परभणी गाठायची म्हणून ती पिशवी घेऊनच क्लासमध्ये आली, राहिलेल्या नोट्स मागायला. गुणवंतरावांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी भिंतीवरचा मूळ तक्ताच उतरवून गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. म्हणाले, "ही झेरॉक्स नाही. माझा हात आहे. जपून ठेव." पोरीचे डोळे भरून आले. ती वाकून नमस्कार करून जिना उतरली. काट मारायची आहे हे सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं, इथपर्यंत माफ. पण आठवड्याने बाकीच्यांकडून काट मारून घेताना त्यांना नेमकं आठवलं, की अक्षताचा कागद तसाच आहे. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, त्यात सॉल्ट क्रीक कधी येणार नाही, तिचं काही नुकसान नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नाही. दर वर्षी पन्नास-साठ मुलं त्या बायकांवर काट मारायची आणि हसायची. एका पोरीच्या कागदावर त्या जिवंत राहिल्या तर राहू देत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

वडील वाचले. अक्षता परत आली, दुसऱ्या खेपेला नेट पास झाली, गाझियाबादच्या एका मुलींच्या कॉलेजात तासाप्रमाणे शिकवायला लागली. दर सत्राला नेमणूक नवी, सुट्टीत काही नाही. तीन वर्षं असं काढल्यावर या नोव्हेंबरात नोएडाच्या एका खासगी विद्यापीठात कायम जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. वडिलांना आता घरी बसवता येईल, असं ती विनयाकाकूंना फोनवर म्हणाली होती.

मुलाखत शुक्रवारी झाली. रविवारी सकाळी ती मयूर विहारला आली. बाहेर धुरकं इतकं, की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. तिने मास्क काढला, पाणी प्यायली, वही उघडली आणि शांतपणे सांगायला लागली.

तिला त्यांनी अमेरिकन साहित्याचे कालखंडच विचारले होते. ती न अडखळता बोलत गेली, समितीतले लोक माना डोलवत होते. रिअॅलिझमनंतर ती सॉल्ट क्रीकवर आली आणि तिथे रमली, कारण संशोधनाचा जो आराखडा तिने अर्जाला जोडला होता त्यातली चार पानं त्या पत्रांवरच होती. समितीत प्रोफेसर हेमलता माथुर म्हणून एक वयस्कर बाई. सगळी हयात त्यांनी त्याच काळाचा अभ्यास करण्यात घालवलेली. त्यांनी चष्मा काढून विचारलं, की हे कुठे वाचलंस? अक्षता म्हणाली, संदर्भ माझ्या सरांकडे आहेत. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, या मॅडमना सकाळी ऑटोत बसल्या बसल्या शोध लागला असेल. सगळे हसले. दुसरी कोणी असती तर माझी चूक झाली असेल म्हणून पुढे सरकली असती. ही अडून बसली. पत्रं आहेत, बायका होत्या, मी सिद्ध करते, म्हणाली. तेव्हा माथुरबाईंनी तिला सरळ सांगितलं, की मला तू आवडलीस. गुरुवारपर्यंत मी यादी अडवून ठेवते, संदर्भ पाठव. पण तू हे रचलं असशील तर ही जागा विसर, आणि पुढे कुठेही माझ्याकडून शिफारशीची अपेक्षा ठेवू नकोस.

"तर सर, फक्त पुस्तकाचं नाव द्या," अक्षता पेन सरसावून म्हणाली. "पान नंबर नसला तरी चालेल. मी गूगलवर खूप शोधलं, काहीच नाही. म्हटलं बरोबरच आहे, सरांनी लायब्ररीत बसून काढलंय, गूगलवर कसं सापडेल?"

स्वयंपाकघराच्या दारात विनया थालीपिठाची ताटली घेऊन उभी होती. ती गुणवंतरावांकडे बघत राहिली.

गुणवंतराव म्हणाले, "बघतो. जुन्या वह्यांत असेल."

अक्षता खाऊन, काकूंशी गप्पा मारून, हलक्या मनाने गेली. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा विनया म्हणाली, "आत्ता तोंड उघडायचं होतं."

"सांगणार आहे. नीट सांगायला हवं."

"खोटं लिहिलं, हे नीट कसं सांगतात?"

गुणवंतराव जुन्या वह्या काढायला उठले. 

सोमवारी त्यांनी क्लासला सुट्टी दिली आणि लायब्ररी गाठली. छप्पन्न वर्षांचा शिकलेला माणूस, स्वतः रचलेल्या बायका खरोखर होऊन गेल्या की काय हे शोधायला चालला. याला वेडेपणाशिवाय दुसरं नाव नाही. पण त्यांनी सहा तास शोधलं. एवढा मोठा देश, इतकी शेतं, इतके ओढे. कुठेतरी कोणीतरी असं लिहिलंच असेल. दुपारी एका जाड ग्रंथात शेतावरच्या बायकांची पत्रं सापडली, तेव्हा ते उभ्या उभ्याच वाचायला लागले. पण ती पत्रं रीतसर सह्या केलेली, आपल्या आपल्या घरी धाडलेली, भलत्याच प्रांतातली. एकीच्या ओळींखाली दुसरीने लिहिणं, बिनसहीचा कागद, असं काही नाही. तरीही अर्धा तास ते तो ग्रंथ पुढ्यात घेऊन विचार करत बसले, की हाच संदर्भ म्हणून दिला तर? निदान गुरुवार टळेल. मग त्यांना त्या केबिनमधला गाइडवाला आठवला, अमेरिकन जर्नल म्हणणारा. ग्रंथ परत ठेवून ते उठले.

मंगळवारी क्लास घेतला. साठ मुलं समोर. हे बाहेर पडलं तर यांतली किती उद्या येतील, असा विचार करत त्यांनी प्युरिटन शिकवले. पाप कबूल करण्यावर त्या लोकांचा फार भर, हे दर वर्षीचं वाक्य त्या दिवशी त्यांनी गाळलं. मधल्या सुट्टीत अक्षताचा मेसेज आला, सर मिळालं का, आणि पुढे हात जोडलेले. त्यांनी उत्तर दिलं, शोधतोय.

बुधवारी विनयाने ऑफिसातून दुपारी फोन केला. ती एवढंच म्हणाली, "आज तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. उद्या गुरुवार आहे."

गुणवंतरावांनी अक्षताला क्लासवर बोलावलं. पाच वाजता ती गाझियाबादहून थेट आली. वर्ग रिकामा होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी बाकं ओढत होतं. ती पहिल्या बाकावर बसली, वही काढली, पेनचं टोपण उघडलं. गुणवंतराव खुर्चीत न बसता फळ्याशी उभे राहिले. आयुष्यभराची सवय. आणि त्यांनी सांगितलं. मे महिना, गेलेली वीज, झेरॉक्सवाले, सापळा, शेवटच्या तासाची काट, सगळं. मधे एकदा गाइडवाल्याचा किस्सा जिभेवर आला, तो त्यांनी गिळला.

अक्षताने पेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे बाकी सगळ्यांनी काट मारली."

"शेवटच्या तासाला. तू गावी गेली होतीस."

"फोन होता ना सर माझ्याकडे."

गुणवंतराव फळ्यावरचा खडू उचलून परत ठेवत होते.

"पाच वर्षं होता," ती म्हणाली. "दर रविवारी तर तुमच्याकडे जेवत होते."

"मला वाटलं परीक्षेत ते येणार नाही."

"नाहीच आलं परीक्षेत." तिने वही मिटली. "म्हणजे त्या बायका नव्हत्याच?"

"नाही."

"एकही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली मोमोवाल्यापुढे गर्दी होती. पाठमोरीच ती सांगायला लागली, की तीन वर्षं ती कॉलेजात हे शिकवत आली आहे. नुसतं शिकवलं नाही, मुलींकडून तसा कागदही लिहून घेतला. एकीने चार वाक्यं लिहायची, खाली दुसरीने, सही कोणी करायची नाही. गेल्या वर्षी त्या कागदावर एकीने लिहिलं, की मला घरी पट्ट्याने मारतात. अक्षर ओळखून अक्षताने तिला शोधून काढलं. प्रिन्सिपॉलकडे नेलं, तिच्या मावशीला बोलावून घेतलं, आता ती मुलगी मावशीकडे राहते, बरी आहे.

गुणवंतरावांना बुडताना काडी हाताला लागल्यासारखं झालं. "बघ, म्हणजे त्यातून काहीतरी चांगलं झालंच की."

अक्षताने वळून पाहिलं. "ते तुमच्यामुळे नाही झालं, सर."

ती गेली.  त्या रात्री विनयाने त्यांच्या पानात पुन्हा भात वाढला नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी माथुरबाईंना पत्र लिहिलं. दोन पानं, इंग्रजीत, त्याच उभ्या टोकदार अक्षरात. मुलीने काही रचलेलं नाही, रचलं ते मी, अमुक साली, अमुक कारणाने. खाली सही, क्लासचं नाव, फोन नंबर. फोटो काढून ते मेलने पाठवलं आणि एक प्रत अक्षताला. पाठवल्यावर त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं, की दुपारी जाऊन त्यांनी शेवया आणल्या, जागा मिळाल्याचं कळलं की विनया खीर करील म्हणून.

तीन वाजता बाईंचं उत्तर आलं. चार ओळींचं. आपण लिहिलंत याबद्दल आभार. मुलगी खोटारडी नाही हे समितीने नोंदवून घेतलं आहे. परंतु पाच वर्षांत एकदाही पडताळा न घेता जिने त्यावर संशोधनाचा आराखडा लिहिला, तिला कायम नेमणूक देणं समितीला शक्य नाही. आणि शेवटची ओळ अशी, की आपला तक्ता अठरा वर्षं बाजारात आहे. इतरांना आपण केव्हा कळवणार आहात?

गुणवंतरावांनी ते तीनदा वाचलं. मग अक्षताला फोन केला. तिला उत्तराची प्रत मिळाली होती. म्हणाली, ठीक आहे सर, बाईंचं काही चुकलं नाही. आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. वडिलांना काय सांगितलंस असं विचारायचं त्यांच्या मनात होतं, ते विचारायचा धीर झाला नाही.

"उद्या दुसऱ्या तासाला मुलींना सांगणार आहे," ती म्हणाली.

"मी येतो. मीच सांगतो त्यांना."

"नको, सर. शिकवलं मी आहे."

तरी ते गेले. वैशालीपर्यंत मेट्रो, पुढे शेअर ऑटो, पाच माणसांच्या जागेत सात. धुरक्याने घसा खवखवत होता. कॉलेजच्या फाटकावर मॅडमचे नातेवाईक आहोत असं सांगून ते आत शिरले. वाटेत त्यांनी हिंदीत वाक्यं जुळवून ठेवली होती. मुलींनो, तुमच्या मॅडमचा काही दोष नाही, इथून सुरुवात.

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दार अर्धं उघडं. चाळीसेक मुली, शाली गुंडाळून बसलेल्या, वह्या उघडलेल्या. अक्षता टेबलाला टेकून उभी होती. ती हिंदीत सांगत होती, की सॉल्ट क्रीक नावाचं काहीही अमेरिकेत झालेलं नाही. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मागच्या दोन वर्षांच्या मुलींना मी फोन करून सांगते आहे, तुमच्यातलं कोणी त्यांना भेटलं तर तुम्हीही सांगा.

वर्गात कुजबुज झाली. मागून एक मुलगी उठली.

"मॅम, आपको किसने बताया था?"

अक्षताची नजर वर आली आणि दारातल्या गुणवंतरावांवर पडली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एक पाऊल टाकलं असतं तर ते वर्गात असते. जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडात तयार होतं. चाळीस कोवळे चेहरे, त्यांच्या स्वतःच्या क्लासमधल्या चेहऱ्यांसारखेच. पाय उचलला गेला नाही.

"जिसने भी बताया," अक्षता म्हणाली, "पूछना मुझे था. मैंने नहीं पूछा."

तिने नजर काढून घेतली, फळ्याकडे वळली आणि नॅचरॅलिझमची सुरुवात केली. गुणवंतराव दाराबाहेर भिंतीला लागून उभे राहिले. ती चांगलं शिकवत होती. त्यांच्यापेक्षा चांगलं, कारण ती मधे मधे थांबून, हे मी कुठल्या पुस्तकातून सांगते आहे ते फळ्यावर लिहीत होती.

घंटा झाली. मुली बाहेर आल्या, दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून गेल्या. शेवटची एक थांबली. तिने त्यांच्याकडे, त्यांच्या जुन्या कोटाकडे पाहिलं आणि आदबीने विचारलं, "अंकल, किससे मिलना है?"

"किसी से नहीं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.